टँकरवरचा समुद्र

...आणि वरून मलाच विचारतात, ‘वैजनाथराव, तुम्ही म्हणे दाढीच्या ब्लेडनं दगड कापला?’ आता काय सांगायचं या लोकांना? दगड नाही हो तो, जीव आहे. कोरल. प्रवाळ. समुद्रातून ओरबाडून आणलेलं नाही हं, पुण्यात माझा मित्र श्रीरंग घरच्या काचेच्या टाकीत वाढवतो, त्यानं अंगठ्याएवढा तुकडा दिला, तो मी पिशवीतल्या खाऱ्या पाण्यात घालून, एसटीत मांडीवर घेऊन आणला, आणि शेजारचा माणूस सगळी वाट ‘यात मासा कुठाय, मासा कुठाय’ करत होता.

बरं, आणलं कुठं? तर छत्रपती संभाजीनगरात, बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात. इथं बिल्डिंगी भराभर उगवल्या, नळ बसले, फक्त नळात पाणी यायचं राहून गेलं. त्यात त्या वर्षी दुष्काळ. जायकवाडी तळाला गेलेलं, टँकर आला की लोक लग्नातल्या पंगतीसारखे धावायचे, आणि माझ्या हॉलमध्ये भरलेली टाकी, निळा दिवा, त्यात लाटा. लोक चिडणार नाहीत तर काय करतील?

एक दिवस सोसायटीचे चेअरमन काकासाहेब आले. तळमजल्यावर राहतात, मूळचे पिशोरचे, शेती तिकडं आणि दरारा इकडं. दारातूनच म्हणाले, "वैजनाथराव, लोकायला तोंड धुवायला पाणी नाय, अन् तुम्ही समुद्र पाळू राहिले?" मी म्हटलं, काकासाहेब, हे पाणी खारं आहे, रोज उडतं तेवढं तांब्याभर घालतो, बाकी तेच ते. त्यांचा विश्वास बसेना. बोट बुडवलं आणि चाटलं. तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा असा झाला, की भानुमतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, न मागता गुळाचा खडा आणून दिला. मग तेच म्हणाले, "व्हय, हे तर बाभळीच्याबी कामाचं नाय." आणि टाकीसमोर बसले ते बसलेच. "हा दगड हलू राहिला का?" मी म्हटलं, दगड नाही काकासाहेब, जीव आहे तो.

आता खरी पंचाईत ऐका. तो जीव वाढला. अंगठ्याएवढा होता तो ताटाएवढा झाला, आणि त्याच्या सावलीत बाकीची बारकी कोरलं कोमेजायला लागली. श्रीरंग फोनवर म्हणतो, ‘काप. सोपं आहे. प्रत्येक तुकडा पुन्हा वाढतो.’ सोपं? मला घरातली कोथिंबीर निवडताना वाईट वाटतं. भानुमतीकडं कात्री मागितली, तर म्हणाली, "गुलमंडीतून आणलेली ब्लाउजची कात्री आहे ती. तिनं जनावर कापायचं नाही." म्हणून ब्लेड. हातमोजे घातले, चष्मा लावला, काकासाहेब बॅटरी धरून उभे, आणि मी डोळे अर्धे मिटून कडेकडेनं कापलं. ते एकदम आक्रसलं, बुळबुळीत झालं, आणि असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्या सोनियाताई विचारायला आल्या, कुणाकडं काही सडलंय का. मी तुकडे बारक्या दगडांना रबरानं बांधले आणि खुर्चीत बसलो. काकासाहेब हळूच म्हणाले, "मला बी एक द्या. पोरं पुण्याला, घरात बोलायला कुणी नाय." आता याला नाही कसं म्हणणार? माझी जुनी छोटी टाकी दिली, माझंच पाणी दिलं. काही दिवसांनी तुकडे उमलले, बारीक बारीक बोटं काढून डुलायला लागले, तेव्हा काकासाहेबांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. लोक विचारायचे, नातू झाला का?

मग आला मे. आम्ही भानुमतीच्या भाचीच्या लग्नाला कन्नडला, आणि इकडं ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज नाही म्हणजे पंप नाही, पाणी गार ठेवणारा पंखा नाही, आणि आपलं ऊन तर तुम्हाला माहीत आहे. परत येऊन दार उघडलं आणि वासावरूनच कळलं. सगळं विरघळलं होतं. मोठंही, तुकडेही. लोक जिन्यातून म्हणतात, जाऊ द्या हो, दगडच तर होते. जीव होता हो तो. मी ती टाकी धुतली, पुसली, कोरडी केली, आणि तिच्याकडं पाठ करून जेवायला बसायला लागलो. भानुमतीनं नुसती माझ्या ताटाची जागा बदलली.

एका संध्याकाळी काकासाहेबांनी खाली बोलावलं. गेलो, तर त्यांच्या टाकीत आमचाच तुकडा, आता चांगला बशीएवढा, डुलतोय. म्हटलं, हा कसा वाचला? म्हणाले, "इन्व्हर्टर होता. पंप चालवला, एक पंखा चालवला, तो लेकराला लावला. मी बसलो घामात, म्हाताऱ्याला काय होतंय?" त्यांनी नवं ब्लेड पुढं केलं. "अर्धं तुम्ही न्या. पण कापा तुम्ही, माझ्यानं व्हायचं नाय." मी कापत होतो आणि ते भिंतीकडं तोंड करून उभे होते. तुकडा त्यांनी वाटीत घालून दिला, तेव्हा दोन्ही हातांनी दिला. म्हणाले, "वैजनाथराव, आजपासून आपण व्याही. पोर दिली तुम्हाला, सांभाळा."

सांभाळतोय हो. पण हे गृहस्थ रोज संध्याकाळी येतात. खुर्ची थेट काचेसमोर. "व्याही, पोर सुकल्यावाणी दिसू राहिली. व्याही, उजेड जास्त झाला. व्याही, पंखा बंद का?" एरवी मुलीचा बाप कसा मान खाली घालून येतो, दिलेल्या पाटावर बसतो, पाणीसुद्धा नको म्हणतो. माझ्याच नशिबी असा आला, की मी मुलाकडचा असून हातात चहाचा कप घेऊन उभा, आणि तो विचारतो, "बिस्किट नाय का?"