भुईचाफ्यावर बसवलेली मेंढरं

माझं गाव कोनतं हे इचारू नका ताई, त्याचं उत्तर माझ्यापाशी नाय. आम्ही मेंढरामागं फिरनारी मानसं. मी कुठं जल्मले म्हनून आयला इचारलं की ती म्हनायची, पैठनच्या अलीकडं कुठंतरी, हरभरा निघाल्याला व्हता, एवढंच ध्यानात हाय. गयाबाई नाव ठेवलं आन् निघाले पुढं. घोड्यावर बिऱ्हाड, घोड्यावर कोंबड्या, आन् घोड्यावरच मी. आज हितं तर उद्या तिथं. तवापासून पायाला भिंगरी हाय ती हायच, मला बसवतच नाय. आता बगा, तुमच्याशी बोलतेय तरी हात हरळी उपटतोय. मेली कुठून येती कळत नाय.

तर पीक निघालं की शेतकरी माझ्या बापाला बोलवायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हनून. चार दिस मेंढरं बसली की लेंड्या-मुतानं रान आसं तयार व्हायचं की इचारू नका, आन् त्याच्या बदल्यात आम्हाला ज्वारी मिळायची. ज्याच्या रानात मेंढरं बसली त्याचं भलं झालं, हे आम्ही दुधासंगट प्यालेलो.

मग लगीन झालं, पडेगावात आले. एका जागी घर. पैल्या वर्षी तर काय सांगू तुम्हाला, भिंती अंगावर यायच्या. मालक म्हनायचे, बाई, जरा टेक की कुठं. मी कुठली टेकती. धुनं केलं, भांडी केली, बांधकामावर विटा वाहिल्या, आन् मग उस्मानपुऱ्यात बाईंच्या बंगल्यावर बागंला लागले. त्याला आता चौदा वर्षं झाली.

बाई म्हंजे कॉलेजात झाडंझुडपंच शिकवायच्या. साहेब वारलेले, एकच लेक, मृदुलाताई, ती तिकडं इंग्लंडात. बंगल्याच्या मागं ही एवढी मोठी चिंच. आता चिंचंखाली काय उगवत नाय, हे बारकं पोरगं बी सांगंल. मी पैल्याच दिशी म्हनलं, बाई, फुलं फुडं लावू, उन्हात. तर म्हनल्या, उन्हात काय, कुणीही फुलवतं गया, सावलीत फुलवायला अक्कल लागते. आन् खरंच बगा, त्या चिंचंखाली त्यांनी काय काय केल्यालं. मातीचे वाफे उंच करून घेतलेले, नेचे व्हते, सोनटक्का व्हता, मे फ्लावरचे लाल गोंडे व्हते. पन बाईंचा जीव भुईचाफ्यात. त्याचं आसं आस्तं, पानं दिवाळीनंतर वाळून जात्यात, मग समदा हिवाळा तिथं नुस्ती माती. काऽय दिसत नाय. आन् चैत-वैशाखात, उन्हानं मानसं पटापटा पडत्यात तवा, पान नाय, देठ नाय, थेट भुईतून फूल. पांढरं, आन् व्हट जांभळा. वास आसा की मानूस वाकतंच.

मला त्या नुसत्या मातीचाच तरास. मला वाटायचं, मेलं बहुतेक. मग मी उकरून बघायची. गड्डा हाताला लागला की जिवाला बरं वाटायचं, परत पुरायची. बाईंनी एकदा पकडलं, हातावर चापट मारली, लेकराला मारत्यात तशी. म्हनल्या, गया, झोपलेल्या माणसाला दर घटकेला उठवून विचारतेस का, जिवंत आहेस का म्हणून? मी म्हनलं, मालकाला इचारते की! लई हसल्या. पन माझी खोड काय गेली नाय.

एका वर्षी मृदुलाताईनं तिकडून एका फुलाची मुळं आनली. हेलेबोर म्हनत्यात त्याला. बर्फात फुलतं म्हनं, सावलीत, मान खाली घालून. बाईंनी कुंडीत लावलं, आन् मग आमचा तमाशा सुरू. दोन टाइम कुंडीत बर्फाचे खडे. गोनपाट भिजवून भवती गुंडाळायचं. कुंडी न्हानीत, कुंडी फ्रिजपाशी, कुंडी घेऊन मी ह्या खोलीतून त्या खोलीत. शेजारीन म्हनायची, बाळंतीन हाय का झाड हाय? थंडीत चार पानं निघाली, आम्ही पेढा खायाचा तेवढा ठिवला. फाल्गुनात गेलं. बाई म्हनल्या, जाऊ दे गया, त्याला इथला उन्हाळा सोसायचा नाही. दोन दिस त्या कुंडीकडं बगत नव्हत्या.

तर गेल्या साली दिवाळीत बाई पडल्या, खुबा मोडला. मृदुलाताई आली, आप्रेशन केलं, आन् त्यांना संगट घेऊन गेली. जाताना बाई म्हनल्या, चैत्रात येते, भुईचाफा बघायला. ताई मला बाजूला घेऊन म्हनाली, गयाबाई, आईला एकदा तिची फुलं बघू दे, मग मी तिला कायमची घेऊन जाणार, घराला कुलूप लावायचं. एकटं कसं ठेवू सांगा. आता लेकीचं बी काय चुकलं? मान डोलावली, आन् घरी येऊन रडले.

मग मनात एकच. शेवटचं बघनार हायत, तर आसं फुललं पायजे की आजवर फुललं नसंल. दुसरा इचारच नाय. शेनखत घातलं, पालापाचोळा घातला, तरी जीव थाऱ्यावर नाय. नेमका तवाच माझा भाऊ दौलताबादच्या अंगाला मेंढरं घेऊन उतरल्याला. मला वाटलं, देवच पावला. म्हनलं, दादा, माझ्या बाईंच्या बागंत मेंढरं बसव. तो म्हनला, येडी का खुळी, बंगल्यात? म्हनलं, भैनीसाठी एवढं बी नाय व्हय रं? मग काय करतो. टेम्पोत घालून वीस मेंढरं आनली उस्मानपुऱ्यात. शेजारची पोरं मोबाइल घेऊन गच्चीवर, मेंढरं चिंचंखाली, आन् मी मधी उभी, लई ऐटीत. दोन दिस बसवली.

मेंढरांनी नेचे खाल्ले, सोनटक्क्याचे कोंब खाल्ले, ते दिसत व्हतं मला. म्हनलं, खाऊ द्या, फुटंल परत. पन भुईतलं कुठं दिसत व्हतं? मेंढरं गेली आन् बगते तर माती घट्ट, अंगनावानी चोपल्याली. तवा कुठं ध्यानात आलं. अगं, रानातून मेंढरं उठली की नांगर फिरतो, मग पाऊस पडतो, मग पेरनी. हितं कुठला नांगर? आन् ते रान रिकामं आस्तं. हे रिकामं कुठं व्हतं! खाली कोंब फुगत आल्याले, त्यांच्या डोस्क्यावर मी ऐंशी खुरं नाचवली. आन् तो लेंडी-मुताचा उबारा येगळाच.

चैत लागला. रोज सकाळी जाऊन बगायची. काय नाय. पानी शिंपायची. काय नाय. हात आसा शिवशिवायचा, वाटायचं उकरावं, नुस्तं येक बोट घालून बगावं. एकदा घातलं. कोंब हाताला लागला, काळा पडल्याला. मग फुडं हातच लावला नाय. जेवन जाईना. मालक म्हनले, मानूस मेल्यागत काय करतीस. म्हनलं, तुमाला नाय कळायचं.

बाई आल्या. वॉकर धरून थेट मागं. खुर्ची टाकून बसल्या, म्हनल्या, गया, अजून नाही? मी म्हनलं, यील. दुसऱ्या दिशी, अजून नाही? यील. तिसऱ्या दिशी माझ्यानं ऱ्हावलं नाय, पाय धरले आन् समदं वकून टाकलं. मेंढरं म्हनल्यावर त्यांना पैलं खरंच वाटंना. मग आश्या कडाडल्या! रिकामी नव्हती गं ती जमीन, झोपली होती, इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतेय तुझ्या! मृदुलाताईला हसू आवरंना, आन् बाईंच्या डोळ्याला पानी. चार दिस माझ्याशी बोलल्या नाय. मी आपली यायची, झाडायची, जायाची. वैशाख सरला. येक फूल आलं नाय.

मग ताईनं बॅगा काढल्या. म्हनाली, आई, आता चल. तर बाई म्हनल्या, कुठं? फुलं बघून जायचं ठरलं होतं. मी फुलं बघितली नाहीत. तेव्हा मी येत नाही. ताई म्हनाली, आई, पोरखेळ आहे का. बाई म्हनल्या, त्या बयेनं माझ्या बागेत मेंढरं घातली, तिला विचार पोरखेळ कुणाचा. लई वादावादी झाली. शेवटी ताई एकलीच गेली, राती सोबतीला मानूस ठिवून. म्हनाली, पुढच्या वर्षी फुलं आली की मात्र मी ऐकायची नाही. बाई म्हनल्या, शब्द आहे माझा. आन् दार लागल्यावर मला म्हनल्या, चहा ठेव, गाढवा.

पाऊस पडला तशी पानं आली, भुईचाफ्याची. येवढी रुंद, येवढी दाट, बाई म्हनल्या, बापजन्मात पाहिली नाहीत अशी. कुजले ते कुजले, पन उरले त्यांनी लेंडीखत खाल्लं ना! खाली गड्डे आसे पोसले आसतील की अवंदा बाग फुटनार, ते मला बी ठावं हाय, बाईंना बी ठावं हाय. आम्ही दोघी बोलत नाय त्यावर.

आता हा माघ चाललाय. ही बगा, हितं समदी झोपलीत, नुस्ती माती दिसती. परवा दादाचा फोन आला, मी हाय दौलताबादेला, मेंढरं आनू का यंदा बी? गंमत करत व्हता त्यो. पन खरं सांगते ताई, माझ्या तोंडातून लगीच ‘नको’ निघालं नाय. फोन कानाला तसाच धरला, आन् त्यो आपला हॅलो हॅलो करतोय.

मग म्हनलं, नको दादा. बाईंना येकडाव फुलं बगू दे, पोट भरून. जायाचं आसंल तर जातील, लेक हाय त्यांची. माझं काय, मी हितं पानी घालीन.

व्हा जरा बाजूला ताई, तुमचा पाय वाफ्यावर पडतोय.