कान लख्ख, डोळे पुसट

बायको किकुए गेल्याचा फोन इस्पितळातून आला, तेव्हा कुवाबारा तिने मागितलेला कॅमेराच पिशवीत भरत होता. वसंतात तो कॅमेरा विकायला तो ओसाकातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात येऊन बसला. शेजारी एक म्हातारं जोडपं एकाच मापाच्या दोन लेन्स हातात घेऊन भांडत होतं.

“अहो, ही ऑटोफोकसची घ्या. डोळा आपोआप पकडते.”

“हाताने फोकस लावायचीच खरी लेन्स.”

“तिनेच तर आयुष्यभर माझा कान लख्ख आणि डोळे पुसट आलेत!”

“तू हलतेस. पूर्ण उघड्या लेन्सला केसभर हललेलं चालत नाही.”

“मग श्वास घेऊ नको का?”

“थोडा कमी घे.”

“मी गेल्यावर पितरांच्या देव्हाऱ्यात लावायचा फोटो आहे हा. त्यात तरी डोळे येऊ देत.”

“ऑटोफोकस असली की मी खटका दाबून मोकळा होईन. हिच्यात तुझ्याकडे बघत बसावं लागतं.”

म्हातारीने हातातली ऑटोफोकसची लेन्स परत ठेवली.

“काय गं?”

“हीच घ्या. पण पुन्हा कान आला तर बघा!”

काउंटरवरून हाक आली.

“कुवाबारासान, आत रोल आहे. बाईंचे फोटो असतील ना?”

“नाही. फोटो तीच काढायची. आत सगळा मीच आहे.”

“धुऊन देऊ?”

“द्या.”

किकुएच्या देव्हाऱ्यात अजून फोटो लावायचा राहिला आहे.