एकदाच मारलेली हाक

...आणि वर पुतण्या मलाच म्हणतोय, 'आप्पा, डेटाबेसनं हाक मारली व्हती की!' आरं, नुसती हाक मारून साडी विणून हुती व्हय रं?

तुम्हाला सांगतो, वडगावात माझे चार माग हायत. तीस वर्सं एकच रीत. ऑर्डर आली की चिठ्ठी लिवायची, मागाजवळच्या तारंच्या आकड्यात खुपसायची, साडी उतरली की मगच काढायची! लाईट जाऊ दे, मी गावाला जाऊ दे, चिठ्ठी जाग्यावर! पर आमचा पुतण्या मंथन, लई शिकलेला... त्यानं आकडा उपटला! 'आप्पा, शहापूरच्या दुकानात बसणारी रक्षा ऑर्डर डेटाबेसात, म्हंजी कंप्युटरच्या वहीत घालणार, डेटाबेस लगेच तुमच्या कंप्युटरला हाक मारणार!'

घातली की रक्षानं! कुणाची? आमच्या आक्काची, इंदुताईची, माझ्या चुलत बहिणीची! पोरीच्या लग्नाची साडी! 'परशराम, तू मामा, तुझ्याच मागावरची साडी नेसून पोरगी बोहल्यावर चढणार' म्हणालेली. आणि नेमकी तवाच लाईट गेली! दहा मिनटं, फकस्त दहा! लाईट आली, माग खडखडाय लागले, कंप्युटर आपला गप्प. मला वाटलं, आक्काचा अजून रंग ठरंना.

लगीन चार दिवसांवर, आणि आक्का दारात. 'साडी दे.' कसली साडी? आक्का तशीच फिरली, बाजारातनं आयती घिऊन गेली. मंथन्याला धरला. 'ऑर्डर डेटाबेसात सुखरूप हाय, आप्पा! हाक पण मारली व्हती की! तवा तुमचा कंप्युटर बंद, ऐकाय कोण नव्हतं.' मग परत मारायची की रं, मुडद्या! 'न्हाय आप्पा, त्यो एकदाच मारतोय.' एकदाच! भाजीवालीसुदिक तीनदा वरडती रं, तुझा डेटाबेस काय जहागीरदार लागून गेला?

आता काल नाचत आलाय. 'आप्पा, नवीन बसवलंय, मेसेज क्यू! निरोप रांगेत थांबतोय, तुम्ही "झालं" म्हणंपर्यंत हलत न्हाय!' आरं, म्हणजे माझा आकडाच की! भंगारात कुणी घातला त्यो?

आणि लगीन? झालं... मामाला पत्रिकाच न्हाय! माझ्या जागी दुसऱ्याच कुणी पोरीला बोहल्यावर आणलं. न ऱ्हावून गेलो आक्काकडं. 'आक्का, मला बोलवायचं तरी!' ती तांदूळ निवडत व्हती, मान वर केली न्हाय. 'तुझ्या दारातनं हाक मारली व्हती की, परशराम. तुझे माग चालू व्हते.'

'किती येळा गं?'

'एकदाच.'

च्या पिलो, गेलतो तसा परत आलो.