सायलेन्सरसमोर धरलेला कापूस

माझी शाळा पाचवीतच सुटली. शुद्धलेखन चुकलं तर पोटात घाला, आणि शब्दही साधेच आहेत.

मी सिंदीला कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींची मोटार चालवत होतो. मोटार नवी, गॅरंटीतली, पण आठवड्याला शेरभर इंजिन ऑइल पीत होती. म्हणून नागपूरला जिथून घेतली होती तिथंच आम्ही ती परत नेली. तिथला मॅनेजर माझ्याकडे बघून शेठजींना म्हणाला, "इंजिन एकदम ठीक है. तुमचा ड्रायव्हरच ऑइल विकत असेल."

शेठजीही माझ्याकडे बघायला लागले. नोकरी गेलीच, असं वाटलं. मागच्या सीटवर शेठजींच्या कापसाचा नमुना होता. त्यातला मूठभर पांढराशुभ्र कापूस मी सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि तिथल्या मिस्त्रीला कसंबसं म्हणालो, "भाऊ, जरा रेस द्या."

भसकन निळा धूर आला, म्हणजे ऑइल इंजिनातच जळत होतं. काळा, तेलकट झालेला कापूस मी शेठजींच्या हातावर ठेवला.

मॅनेजर म्हणाला, "हा कापूस आधीच खराब होता."

शेठजींनी चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, तीस वर्षं झाले, कापूसच घेऊन राह्यलो मी. आता तुम्ही मले कापूस शिकवता?"

मॅनेजरनं गॅरंटीच्या कागदावर सही केली.

मोटार दुरुस्तीला ठेवून आम्ही रेल्वेनं परतलो. गाडीत शेठजी एवढंच म्हणाले, "लेका, हे तोंडानं काऊन नाई सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं फडकं घेऊन शेडमध्ये गेलो. मोटार कुठली असणार! मग शेठजींची सायकलच लख्ख पुसली.