बारावी माळ

अंजना: आणि एक मणी तर थेट भन्तेजींच्या पायाशी जाऊन थांबला. सगळी माणसं डोळे मिटून ‘सरणं गच्छामि’ म्हणतायत आणि मी डोळे टक्क उघडे ठेवून बघतेय, कुठला मणी कुठल्या खुर्चीखाली चाललाय. असली मी उपासिका!

प्रीती: आई, कालपासून हे सातव्यांदा सांगतेस.

अंजना: सांगणारच. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपणच सांगून टाकलेलं बरं. माझ्या वहिनीने तर आत्तापर्यंत शहाडपासून बदलापूरपर्यंत फोन फिरवले असतील. ‘आमच्या नव्या सुनेला नणंदबाईंनी स्वतःच्या हाताने माळ केली हो! नवरी वंदनेला वाकली आणि माळ जमिनीवर.’

शिवराम: फोन नाही केला पद्मजावहिनींनी. सकाळी घरी येऊन सांगून गेल्या. तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस.

प्रीती: पप्पा, तुम्ही पेपर वाचा ना.

शिवराम: वाचतोय.

प्रीती: मामीचं सोड. राजरत्नदादा हसला, सोनियावहिनीपण हसली. लग्न लागलं ना नीट? मग टेन्शन कसलं?

अंजना: नवी नवरी ती, भर हॉलमध्ये हसेल नाहीतर काय रडेल? तू ऐक. तुझ्या लग्नाला तीन आठवडे राहिले. उद्या दोघी जाऊ बाजारात आणि डबीतला चांगला सेट घेऊ. मखमलीवर ठेवलेला असतो तसला. माझ्या हातचं काही नको.

प्रीती: मी चार महिन्यांपूर्वी काय सांगितलंय? पांढऱ्या साडीवर निळ्या मण्यांची माळ, तुझ्या हातची. मामी तिचा सेट देत होती, तिलापण मी नाही म्हटलंय.

अंजना: तेव्हा मला वाटत होतं मी कलाकार आहे. ती दुपारची बाई येते ना टीव्हीवर, ‘गृहिणींनो, एखादा छंद जोपासा’ म्हणणारी. एकेक मणी असा धरत होती, जसं तान्ह्या बाळाचं बोट. मी म्हटलं, अगं बाई, ह्याला छंद म्हणतात होय? आम्ही अकरा वर्षं हेच केलं, आम्ही ह्याला काम म्हणायचो!

प्रीती: मग बरंय की. आता आरामात कर.

अंजना: आरामात! कॅम्प चारच्या बाजारातल्या दुकानात जाऊन ऐटीत मणी मागितले. सिंधी दुकानदार, ताईला अदी म्हणणारा, म्हणाला, ‘अदी, पोती के लिए चाहिये?’ मी म्हटलं, नाही, मलाच, छंद आहे माझा. आणि घरी येऊन बसले तर सुईत दोरा जाईना. सुईचं भोक आहे की नाही तेच दिसेना. शेवटी ह्यांनी ओवून दिला.

शिवराम: अजून रोज देतो.

अंजना: ऐकलंस? छंद माझा आणि दोरा नवऱ्याचा.

प्रीती: पण माळ भारी झाली होती, खरंच. हॉलमध्ये बायका विचारत होत्या, कुठून घेतली.

अंजना: माळ चांगलीच होती. सुटली, एवढंच.

प्रीती: आई, मघापासून पायाने काय ढकलतेस पलंगाखाली?

अंजना: काही नाही. जुनी पेटी आहे पत्र्याची.

प्रीती: सरक जरा. सरक म्हणते ना! अगं, किती माळा आहेत ह्या?

अंजना: बारा.

प्रीती: बारा? आणि सगळ्या सेम टू सेम?

अंजना: हाताला बजावून सांगितलं होतं, एकच कर, पोरीच्या लग्नाची. हात ऐकतोय कुठे. एक संपली की दुसरीचा दोरा तोडलेला. बारावी झाली तेव्हा थांबला. मग बाराची गड्डी केली, वरून चिंधी बांधली आणि दाराशी नेऊन ठेवली. ठेवल्यावर आठवलं, न्यायला कोणी येणार नाहीये. काम देणाऱ्या लछूसेठला जाऊनच दहा वर्षं झाली. आपलीच गड्डी आपण उचलून परत आत आणली.

शिवराम: मी बघत होतो. काही बोललो नाही.

अंजना: मोठे उपकार झाले.

प्रीती: एक मिनिट. बारातली एक सोनियावहिनीला दिलीस ना? मग पेटीत अकरा पाहिजेत.

अंजना: असेल चुकून जास्त.

शिवराम: आज पहाटे पाचला उठून बारावी केली.

अंजना: तुम्हाला पेपर वाचायला सांगितलंय ना पोरीने? हो, केली. हॉलमधून पदरात गोळा केलेल्या मण्यांचीच केली. काल रिक्षात शपथ घेतली होती, पुन्हा सुईला हात लावणार नाही म्हणून. पण घरी येऊन पेटी उघडली आणि अकरा दिसल्या. मला अकरा बघवतच नाहीत गं. लछूसेठ एक कमी असली तर अख्खी गड्डी परत फेकायचा. ‘अदी, ग्यारह का मैं क्या करूं?’ म्हणायचा. तो गेला, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

प्रीती: ही बारावी जरा आखूड दिसतेय.

अंजना: चार मणी मिळालेच नाहीत. एक भन्तेजींपाशी राहिला असेल. मागायचा कसा?

प्रीती: आणि आई, ह्यांना हूक कुठेयत? एकीलापण नाहीये.

अंजना: नाहीतच.

प्रीती: मग वहिनीच्या मानेवर काय बांधलं होतंस?

अंजना: कच्ची गाठ.

प्रीती: लग्नात? कच्ची गाठ?

अंजना: तशीच तर जायची माळ सेठकडे. आपण घरी ओवायचं आणि टोकांना कच्ची गाठ मारायची. पुढे कारखान्यात कारागीर ती सोडून हूक बसवायचा. एका झटक्यात सुटली पाहिजे, नाहीतर सेठ निरोप पाठवायचा, गाठ घट्ट येते. मी मेली इतकी शहाणी, अशी गाठ मारायचे की नुसतं बोट लावलं की सुटेल. सगळ्या चाळीत माझी गाठ एक नंबर होती.

प्रीती: आणि तीच काल मारलीस.

अंजना: हाताने मारली. डोकं तेव्हा नवरीची साडी बघत होतं. अगं, अकरा वर्षं माळा ओवल्या, पण पूर्ण केलेली एकही नाही. हूक कसा लावतात तेसुद्धा मला येत नाही. एवढ्या माळा गेल्या ह्या हातांतून, पण एक कोणाच्या गळ्यात बघितली नाही. आणि निघाले छंद जोपासायला!

प्रीती: एक बघितलीस.

अंजना: कुठे?

प्रीती: माझ्या गळ्यात. मी दुसरीत होते. गॅदरिंगला.

अंजना: तुला आठवतं ते?

प्रीती: लाल मणी होते. मी गड्डीतली काढून दप्तरात लपवली होती. वर्गातल्या उमाने शाळेत मागून बांधून दिली. तू धावत आलीस, फाटकातच गाठलंस मला. आधी एक थोबाडीत दिलीस, मग माळ ओढलीस. खटकन सुटली. एक मणी नाही पडला.

अंजना: माळा न्यायला सेठचा टेम्पो दारात उभा होता गं. गड्डीत अकराच होत्या.

प्रीती: माहितेय.

अंजना: नाही, तुला नाही माहीत. तू रडली नाहीस त्या दिवशी. तशीच आत गेलीस आणि नाचलीस. मी फाटकाबाहेर गजाला धरून बघत राहिले. सगळ्या पोरींच्या गळ्यात काही ना काही होतं. मी म्हटलं, हिला एक करून देईन. नंतर देईन. मग काम बंद झालं, मणी गेले, तू मोठी झालीस. मला वाटलं विसरली असशील, बरं झालं. म्हणून तर त्या टीव्हीवालीचं नाव पुढे केलं. छंद कसला डोंबलाचा!

प्रीती: मग आता बाजारातला सेट घे म्हणतेस?

अंजना: तुझ्या लग्नात सुटली तर? कालचं मी सात वेळा हसून सांगितलं. तुझं नाही सांगता येणार मला.

(शिवराम पेपर बाजूला ठेवतो. खुंटीवरच्या पँटच्या खिशातून कागदाची एक पुडी काढतो आणि खिडकीतली बारीक तोंडाची पक्कड घेतो.)

शिवराम: हे घे. डझनभर हूक आहेत. दुकानदार सुटा देत नव्हता.

अंजना: कधी आणलेत?

शिवराम: सकाळी. तू पहाटे ओवत बसलीस तेव्हाच म्हटलं, ही काही सोडत नाही. अंबरनाथच्या कंपनीत तीस वर्षं फिटर होतो मी, एवढं येतं मला. आधी पक्की गाठ मार. आता तिच्यावर हुकाचं हे टोपण पकडीने दाब. हळू. तुझंच बोट दाबशील.

अंजना: तुम्हीच लावा ना.

शिवराम: दोरा ओवून दिला तेवढा पुरे. हूक तुझा तू लाव.

प्रीती: बारावीलाच लाव, आई. मला तीच पाहिजे.

अंजना: ही? जमिनीवर पडलेली, आखूड? चांगल्या अकरा आहेत की पेटीत.

प्रीती: हीच. गळ्याशी बसेल बरोबर.

अंजना: झालं का हो? बघा.

शिवराम: बघायला मी सुपरवायझर नाही. घाल तिला.

अंजना: वळ गं. वेणी वर धर. लागला वाटतं. आवाज तर आला.

प्रीती: आता ओढ.

अंजना: नाही.

प्रीती: ओढ ना. तेव्हा ओढली होतीस तशी.

अंजना: प्रीती, नको गं.

प्रीती: आई, ओढ.

(अंजना माळ मुठीत धरून ओढते.)

शिवराम: बसला हूक. सोड आता, तिच्या मानेला वळ उठेल.

प्रीती: बघ, नाही सुटली. काय गं? आता पेटीत काय मोजतेस?

अंजना: अकराच राहिल्या. राहू देत.