कॉफीला जाऊन या म्हणाले

शिल्पा, मोबाईल ठेव खाली अन् आधी ऐक, आत्ता काय झालंय ते ऐक, माझं डोकं अजून भणभणायलंय... कॉफी पिऊन आलेय मी. हसू नको. स्थळासोबत!

ही नवीच पद्धत निघालीय ना आपल्या लातुरात, घरी पोहे झाले की मोठी माणसं एकदम पुढारल्यासारखी म्हणतात, जावा, दोघं कॉफी पिऊन या, मोकळं बोला. मोकळं म्हणे! मागनं रिक्षात उमाआत्या. मी लांब बसते, माझं काही लक्ष नसतंय, असं म्हणत आली, अन् लांब म्हणजे कुठं बसावं तिनं? पुढच्याच टेबलाला, माझ्याकडं तोंड करून.

अन् मला एकच गोष्ट विचारायची होती गं. माझं फिजिओथेरपीचं सेंटर आता कुठं चालायला लागलंय, तर लग्न झाल्यावर त्यांच्या नांदेडला तसंच नवं टाकलं तर चालेल का. हो का नाही, बास. घरात विचारणार होते तर अप्पांनी डोळे वटारले, म्हणाले पहिल्याच भेटीत असलं काय, कॉफीला गेल्यावर विचार.

म्हणून गेले. तर हा महांतेश, नांदेडला घरचं खताबियाण्याचं दुकान, पण शिकायला बेंगळुरूला होता अन् तिथं ह्याला कॉफी लागली. लागली म्हणजे कशी, देव अंगात आल्यासारखी! बसायच्या आधीच काउंटरवाल्याला विचारायलाय, बिया कुठल्या, भाजून किती दिवस झाले, पाणी किती गरम घेता. त्या बिचाऱ्याला घाम फुटला. मी म्हणलं, मला एक विचारायचं होतं... तर हा म्हणतो, थांबा, आधी वास घ्या.

घेतला वास. काय करणार?

मग आली ती कॉफी. दूध नाही, साखर नाही, काळी ढुस्स. म्हणतो, जिभेवर फिरवा, शेवटी जांभळाची चव लागते. अगं कसलं जांभूळ! हरभरे करपवून त्याचं पाणी उकळल्यासारखं लागायलं होतं. मी गुपचूप साखरेची पुडी उचलली, तर ह्यानं माझ्या हातातनं काढून घेतली. हातातनं, शिल्पा! म्हणतो, साखर घातली की संपलं सगळं. अन् लगेच माझा कप उचलून परत पाठवला, पाणी जास्त तापलंय, दुसरी करा म्हणून. माझा कप. मला न विचारता!

तिकडं आत्याचं वेगळंच. तिच्या कपावर त्यांनी फेसाचा बदाम काढून दिला, तर ती म्हणायली, बाबा, हा साबण काढ वरचा, अन् बशी दे. बशी नाही म्हणल्यावर तिनं पाण्याचा ग्लास रिकामा केला अन् त्यात ओतून फुर्रर्र... सगळं कॅफे बघायलंय. खरं सांगू? त्या सगळ्या जागेत तेवढी एकच बाई कॉफी पीत होती.

अन् मला एकच गोष्ट विचारायची होती!

हा मात्र सुरूच. चिकमंगळूरचे मळे झाले, पाणी गोल गोल कसं ओतायचं ते झालं, चहा पिणाऱ्यांची जीभ कशी मेलेली असते ते झालं. तिकडं आत्या पर्स काखेला मारून उठायली. मग मात्र मी टेबलावर हात आपटला अन् विचारलंच. लग्न झाल्यावर मी नांदेडला सेंटर टाकणार आहे, तुम्हाला चालेल का?

ह्यानं कपात बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् एवढुशा आवाजात म्हणतो, "ते घरी विचारून सांगतो."

माझी तळपायाची आग मस्तकात. मी म्हणलं, "साखरेचं कुणाला विचारलं होतं?"

तर हसला! "लई विनोदी आहात तुम्ही," म्हणाला. अन् बाहेर येऊन घरी फोन लावला, पसंत आहे म्हणून.

घरी आले तर आत्या आधीच सांगून बसलेली, तासभर बोलत होते दोघं, पोरगं तर थांबायलाच तयार नव्हतं. मी अप्पांना सगळं सांगितलं. पुडी सांगितली, कप सांगितला, घरी विचारून सांगतो म्हणाला तेही सांगितलं. अप्पांचा चेहरा असा फुलला ना! म्हणतात, "घरी विचारून सांगतो म्हणाला? म्हंजे मोठ्यांच्या शब्दात हाय की पोरगं."

आता बोल. दारू पीत नाही, तंबाखू खात नाही, दुकान आहे, संस्कार आहेत. नाही म्हणलं तर सगळे विचारणार, कारण काय? काय सांगू मी त्यांना, कॉफी पाजली म्हणून?

माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस गं?