दोन नावांवरची एक रेघ

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार, जय भीम. सुमनकाकू, अश्विनी, मोरिवलीची मंडळी, जांभूळहून आलेली मंडळी, माझं नाव निखिल. मला माईकवर बोलायची सवय नाही. भांडायची आहे. भांडताना शब्द आपोआप येतात. आज येत नाहीयेत. सांभाळून घ्या.

बाळाराम पेंटर गेले. हे वाक्य मी घरी चारदा म्हणून बघितलं, तरी इथे जीभ अडखळलीच.

मी उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, लग्नपत्रिकांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. कॉलेज अर्ध्यात सोडलं. का सोडलं ते आज नको, बाबा समोर बसलेत. तर एक दिवस हा माणूस दुकानात आला, काचेवरची पत्रिका उचलली आणि ओरडला, "ह्या दोगांच्या नावांत येवरी फट कशाला? लग्न हाय का घटस्फोट?"

मी पण ओरडलो. "ओ काका, दोन शब्दांत जागा सोडतात, शाळेत शिकवलं नाही का?"

आमचे शेठ गल्ल्यावरून हात जोडून म्हणाले, "साईं, धंदे का टाइम है, बाहर जाके लड़ो."

आम्ही बाहेर जाऊन भांडलो. कटिंग घेत भांडलो. दुसरी कटिंग त्यांनी पाजली. अशी आमची ओळख.

त्यांची रीत तुम्हाला माहीत आहे, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. लग्नघराच्या भिंतीवर ते नवरा-नवरीची नावं आधी रंगवून ठेवायचे, पण वरच्या रेघेशिवाय. नुसती अक्षरं लोंबकळत राहायची. हळदीच्या संध्याकाळी ते शिडीवर चढायचे, एक श्वास घ्यायचे, आणि दोन्ही नावांवरून एकच रेघ. मध्ये ब्रश उचलायचा नाही. आपल्याकडे हळदीचा डीजे कुणाच्या सांगण्याने बंद होतो का? बाळाराम पेंटरच्या रेघेसाठी व्हायचा. रेघ झाली की शिट्ट्या. आणि कोपऱ्यात त्यांची सही, नवऱ्याच्या बापाच्या नावापेक्षा मोठी. आता हसताय, पण तेव्हा यावरून भांडणं झालीत ना?

सगळ्यांवर रेघ मारणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या नावावर मात्र रेघ नव्हती. 'बाळाराम' आणि 'सुमन' ही नावं त्यांनीच भिंतीवर रंगवली, रेघ हळदीला मारू म्हणून ठेवली. हळद लागली आणि त्यांची आई शिडीला आडवी उभी राहिली. हळदीच्या अंगाने नवरा शिडीवर चढतो का? नाही. दुसऱ्या कुणाला ब्रश देतील? त्याहून नाही. आणि हळद उतरल्यावर रेघ मारायची नाही, हा नियम त्यांचा स्वतःचाच. मग काकू जन्मभर ऐकवत राहिल्या. भाजीत मीठ कमी पडलं तरी, "आपल्यावर रेघच नाय, तं मीठ कुठून लागंल?"

पुढे घरं पडली, बिल्डिंगी आल्या. सोसायटीवाले भिंतीवर खिळा मारू देत नाहीत, नावं कुठली लिहू देतील? बाळाराममामा म्हणाले, "भिंती गेल्या. पन आता परतेकाच्या हातात येक भिंत हाय." आणि मोबाईल दाखवला. पुस्तक करायचं ठरलं, मोबाईलवर वाचायचं. एकेका पानावर एकेक जोडपं, त्यांची नावं, त्यांच्या हळदीचा किस्सा. त्यांची अट एकच: अक्षर माझं पाहिजे, आणि रेघ अख्खी पाहिजे.

अक्षरं त्यांनी ब्रशने कागदावर काढली. त्यांच्या भाचीने, बदलापूरच्या अश्विनीने, ती स्कॅन करून साफ केली. मी त्यांचा फॉन्ट बनवला. बनवता बनवता माझं काय झालं ते अख्ख्या अंबरनाथला माहीत आहे. मामांना सगळ्यात आधी कळलं. एकदा माझ्या तोंडून 'मामा' गेलं, तशी मान वर करून म्हणाले, "मी काका व्हतो ना? मामा कवा झालो रं?" अश्विनी उठून पाणी प्यायला गेली. मी कीबोर्डकडे बघत बसलो. पण त्यानंतर मी मामाच म्हणालो, आणि त्यांनी म्हणू दिलं.

पुस्तक माझ्या कॉम्प्युटरवर झकास दिसलं. दोन नावांमधल्या रेघेसाठी मी एक वेगळीच खूण बनवली होती. मोठ्या तोऱ्यात मामांना पाठवलं. लगेच फोन. "आरं पोरा, तू तं माजी सगली लग्ना मोरलीस!"

धावत मोरिवलीला आलो. खरंच मोडली होती. अक्षर मोबाईलचं नेहमीचं, गुळगुळीत. आणि रेघेच्या जागी प्रत्येक जोडप्यात एक चौकोनी डबा. मामा म्हणाले, "हा मधी कोन बसलाय?"

मी तापलो. मोबाईलला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, जगाला दिल्या. अश्विनी शांतपणे म्हणाली, "ओरडून झालं? तुझ्याकडे दिसतं कारण फॉन्ट तुझ्या मशीनमध्ये आहे. पुस्तकाच्या पोटात घातलास का?"

नव्हता घातला. पत्रिकेच्या धंद्यात ही सवयच नसते हो! आम्ही कागद छापून हातात देतो. कागद कुणाच्याही घरी गेला तरी अक्षर बदलतं का?

मग फॉन्ट पुस्तकात घातला, कुठल्या मजकुराला तो लावायचा तेही आत लिहिलं. माझ्या मोबाईलवर आला, अश्विनीच्या आला. मामांच्या नाही. त्या वाचायच्या ॲपमध्ये त्यांनी मोठं अक्षर हवं म्हणून काहीतरी दाबलं होतं, त्यामुळे ॲप स्वतःचंच अक्षर घुसवत होतं. सेटिंगमध्ये 'मूळ फॉन्ट' निवडला, आणि मामांचं अक्षर मामांच्या हातात उमटलं. "सुटलो रं सुटलो," म्हणाले, पोटातली कळ गेल्यासारखं.

तरी माझ्या डोक्यात तो डबा राहिला. एखाद्याने सेटिंग बदललंच नाही तर त्याच्या लग्नात डबा बसणारच ना? तेव्हा अश्विनी म्हणाली, "वेगळी खूण कशाला? नावांमध्ये जागा असतेच. त्या जागेवरच रेघ काढ."

मी खुर्चीतून उठलोच. मोकळी जागा दोन प्रकारची असते. एक ओळ संपली की तुटते, दुसरी तुटत नाही, दोन्ही शब्दांना एकाच ओळीत धरून ठेवते. त्या न तुटणाऱ्या जागेवर मी मामांची रेघ चढवली. आता फॉन्ट दिसला तर रेघ अख्खी. नाही दिसला तर साधी जागा, पण मध्ये डबा नाही, आणि नावं दोन ओळींत फुटत नाहीत.

तोवर मामा आजारी पडले होते. शिडी सुटली होती, हात थरथरायचा. मला म्हणाले, "शेवटचं पान सुमनच्या फोनवर दिसू दे. तेवरंच बघायचंय." काकूंचा फोन सगळ्यात जुना. एका दुपारी ओट्यावर बसून मी तो घेतला. ॲप बदललं, पुस्तक चढवलं, सेटिंग लावलं. पान उघडणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब." आत गेल्या. डब्यातली चिमूटभर हळद घेऊन आल्या आणि मामांच्या गालाला लावली. "आता उघर."

बाळाराम सुमन. वरून एकच रेघ. कुठे खंड नाही.

मामांनी बोट लावून पान मोठं केलं, रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. काकूंना म्हणाले, "आता मिठाचं बोलायचं नाय." काकू म्हणाल्या, "सही कुठं हाय तुमची? ती इसरलात?" आणि दोघं हसली. हे मी डोळ्यांनी बघितलंय, मंडळी. म्हणून आज मला रडू येतंय, पण वाईट वाटत नाहीये. ज्याच्यासाठी एवढी धडपड केली ते ज्याचं त्याला दिसलं. किती जणांच्या नशिबात असतं?

माझंही एक पान व्हायचंय. त्याबद्दल आज बोलणार नाही. समोरून मला डोळे वटारून दाखवले जातायत.

आता एक विनंती. पुस्तक सगळ्यांकडे पोचलंय. मोबाईलचा आवाज बंद करा, 'मूळ फॉन्ट' निवडा आणि शेवटचं पान उघडा. ज्याच्याकडे नाही उघडणार त्याने शेजारच्याच्यात बघा. आणि त्या रेघेसाठी डीजे थांबायचा तसे आपण सगळे थांबूया. उभं राहून, काही न बोलता.

मामा, दारात आलो की माझ्या आधी तुम्हीच म्हणायचात. आज मी आधी म्हणतो. जय भीम, मामा.